झाडांची निगा शिकायची आहे : कुठलं कॉलेज, कुठला कोर्स?

सोनटक्का

नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावीला आहे, सायन्स, पीसीबी. नीट देणार नाही हे तिने अकरावीतच जाहीर केलं आणि त्यावरून घरात व्हायचं तेवढं महाभारत होऊन गेलं. तिला झाडांचं काम करायचंय. शेती नको, फुलशेती नको, बंगल्यांची लॉन तर नकोच. शहरातली मोठी झाडं. ती आजारी का पडतात, कुठलं झाड पावसात आडवं होईल हे आधी ओळखता येतं का, फांदी छाटायची तर नेमकी कुठे. परदेशात आर्बोरिकल्चर नावाने याची रीतसर पदवी मिळते हे तिनेच मला दाखवलं. मुंबईत त्या नावाचं काही सापडत नाही.

आम्ही मुलुंडला राहतो. धाकट्या दिरांचा सल्ला, बीएस्सी अ‍ॅग्री करून एमपीएससी. बहीण म्हणते, बॉटनी कर, निदान शिक्षिका तरी होशील. बाहेरगावी ठेवायची आमची तयारी आहे, परदेशी मात्र लगेच नाही. यातलं कळणाऱ्यांनी कृपया लिहा. 'मुलगी आहे, झाडावर कशी चढणार' छापाचे प्रतिसाद घरी मुबलक मिळालेत, इथे नकोत.

खट्याळ_काळू

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जाणकार येतीलच.

निवृत्त_बॉटनीवाला

ताई, मी मुंबईतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे थोडा पक्षपाती आहे हे आधीच सांगतो.

कोर्सच्या नावाला भुलू नका. प्रत्येक कॉलेजकडून सगळ्या सेमिस्टरची विषयांची यादी मागा आणि त्यात चार गोष्टी शोधा : माती, रोग, किडी आणि झाडाची अंतर्रचना, म्हणजे लाकूड, साल, पाणी वर कसं चढतं वगैरे. या चारातलं जे नसेल ते मुलीला पुढे स्वतःच्या हिमतीवर मिळवावं लागेल. आमच्या बॉटनीत अंतर्रचना उत्तम, वर्गीकरण उत्तम, बुरशी आणि रोग बरे. माती जेमतेम, किडी जवळपास नाहीतच. आणि मुलं झाडापेक्षा स्लाइडकडे जास्त वेळ बघतात, हे मान्य करायला हवं.

पण मुंबईत राहून बॉटनी करण्याचे फायदेही आहेत. झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, इथेच आहे. भायखळ्याची राणीची बाग १८६०च्या दशकातली, तिथे कैलासपतीपासून गोरखचिंचेपर्यंत इतक्या जाती एका आवारात आहेत की वर्षभर दर आठवड्याला गेलं तरी नवं काही दिसतं. फोर्टात बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आहे, त्यांचे वनस्पती ओळखण्याचे अभ्यासक्रम कॉलेज सांभाळून करता येतात.

मुलीला सांगा, आजपासूनच एक सवय लावून घे. रस्त्यावरच्या गुलमोहराकडे बघताना मान वर करायच्या आधी खाली बघायचं. बुंध्याशी, जमिनीलगत, कधीकधी तपकिरी, लाकडासारखी टणक, वरून लाखेचा हात फिरवल्यासारखी चकाकणारी अळिंबी दिसते. ती गॅनोडर्मा नावाची बुरशी. वर पालवी हिरवीगार असते, फुलं येत असतात, आणि आत बुंध्याचं आणि मुळांचं लाकूड कुजत चाललेलं असतं. 'चांगलं हिरवं झाड होतं हो, अचानक पडलं' असं लोक म्हणतात त्यातली बरीच झाडं अशी आतून कुजलेली.

दापोलीचा_पक्या

बीएस्सी फॉरेस्ट्री, दापोली. म्हणजे बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. सोनटक्का ताई, तुमच्या दिरांना सांगा, अ‍ॅग्री आणि फॉरेस्ट्री वेगवेगळं आहे. दापोलीत वनशास्त्र महाविद्यालयही आहे आणि उद्यानविद्या महाविद्यालयही. दोन्ही पदव्या चार वर्षांच्या. प्रवेश एमएचटी-सीईटीवरून, पीसीबी चालतं, पण कृषी अभ्यासक्रमांची प्रवेशप्रक्रिया वेगळी भरावी लागते. इंजिनीअरिंगच्या फॉर्मवर आपोआप नाव लागेल म्हणून बसलेली मुलं दरवर्षी दिसतात.

आम्हाला वनसंवर्धन, वनमापन, काष्ठशास्त्र, मृदाशास्त्र, वनरोग, वनकीटक हे सगळं होतं. बॉटनीवाले सर म्हणतात त्या चारही गोष्टी आल्या. पण खरं सांगायचं तर सगळी उदाहरणं सागाची, बांबूची, खैराची. झाड हे तिथे हेक्टरवर मोजायचं पीक असतं. फुटपाथवरचं एकटं झाड, ज्याच्या एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला पार्किंग, ते अभ्यासक्रमात येत नाही.

तरी मी फॉरेस्ट्रीच सुचवेन. कारण एकच : आम्ही बाहेर असायचो. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, टेप गुंडाळून घेर घेणे, उतारावर उभं राहून उंची मोजणे, खोडाला खोबण असेल तर टेप कुठून न्यायचा यावर भांडणे. शेवटच्या वर्षी तर कॉलेजबाहेरच काम असतं. झाडाकडे बघायची नजर त्यातून येते, नोट्समधून येत नाही.

आंबेमोहोर

उद्यानविद्येची बाजू कोणीच मांडत नाहीये म्हणून लिहिते. मी तीच शिकले. छाटणी, कलमं, खतपाणी, कीडनियंत्रण, नर्सरी हे सगळं हातांनी करायला मिळतं आणि नोकऱ्या तुलनेने पटकन लागतात. महापालिकेच्या उद्यान विभागात, मोठ्या गृहसंकुलांत, हॉटेलांत. मात्र छाटणी शिकवतात ती आंब्याची, पेरूची, डाळिंबाची. तिथे हिशोब फळाचा असतो. रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाची छाटणी करताना तोच हिशोब लावला तर झाडाचं वाटोळं होतं.

दोर_करवत

नमस्कार. आपला धंदा ट्रिमिंगचा, विक्रोळी ते ठाणे. कॉलेजचं मला काही कळत नाही, बारावी नापास आहे. पण ताईंच्या मुलीचा प्रश्न एकदम बरोबर आहे म्हणून लिहितो.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे मरायला फुरसत नसते. सगळ्या सोसायट्यांना पावसाच्या आधी झाड हलकं करून पाहिजे. हलकं म्हणजे काय विचाराल तर बोडकं. शेंडा उडवा, बाजूच्या सगळ्या फांद्या उडवा, नुसता खुंटा ठेवा. मी सांगतो, दादा, असं केलं की दोन वर्षांत त्या खुंट्यावर झुडपासारखे धुमारे येतात, वरवर चिकटलेले असतात ते, जोराच्या वाऱ्यात तेच आधी तुटतात. कोण ऐकतो? म्हणतात पैसे आम्ही देतोय.

फांदी कापायची पण पद्धत आहे. मोठी फांदी वरून एका झटक्यात कापली की खाली पडता पडता बुंध्याची साल सोलत नेते, केळ्याचं साल निघतं तशी. म्हणून आधी खोडापासून हातभर लांब, खालून एक तिसरा हिस्सा कापायचा. मग थोडं पुढे सरकून वरून कापायचं. वजन गेलं की जो तुकडा राहतो तो शेवटी काढायचा, आणि तो पण भिंतीला प्लास्टर केल्यासारखा सपाट नाही. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो, त्याच्या बाहेरून. फुगवटा कापला की खेळ खलास.

खाली गाडी उभी असली तर अजून मजा. मालक सापडत नाही. मग फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या मजबूत फांदीवरून घ्यायचा, खाली खोडाला दोन वेढे देऊन एका माणसाने धरायचा आणि कापलेली फांदी हळूहळू सोडायची. दोर धरणारा माणूस कापणाऱ्याइतकाच हुशार लागतो. माझ्याकडे असा एकच आहे, तो गावाला गेला की मी मोठं काम घेत नाही.

हे सगळं मला माझ्या उस्तादाने शिकवलं. कुठल्या कॉलेजात शिकवत असतील तर मलाच ॲडमिशन पाहिजे :)

खट्याळ_काळू

दोर_करवत यांना धागालेखकच करून टाका. +१००

लँकशायरकर

दोर_करवत, तुम्ही जी तीन कापांची पद्धत लिहिलीत ती इथे इंग्लंडमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. दोर सोडण्याला वेगळा कोर्स आणि वेगळी परीक्षा आहे. साष्टांग!

सोनटक्का ताई, मी मूळचा गोरेगावचा, इथे मायर्सको कॉलेजात आर्बोरिकल्चर शिकलो. पदवी आहेच, शिवाय काही अभ्यासक्रम घरबसल्या ऑनलाइनही करता येतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या स्टॉकब्रिज स्कूलमध्ये दोन वर्षांचा आर्बोरिकल्चरचा अभ्यासक्रम आहे. कॅनडात युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात अर्बन फॉरेस्ट्रीची पूर्ण पदवी आहे. मुलीला या तिघांचे विषय वाचायला द्या. प्रवेश घ्यायला नव्हे. आपल्याकडच्या पदवीत काय राहून जातंय ते कळायला.

राहून जातात त्या मुख्यतः तीन गोष्टी. एक, दोरावरचं काम आणि चेनसॉ. इथे प्रत्येक कौशल्याची वेगळी परीक्षा असते, बोलीत त्याला तिकीट म्हणतात, आणि चढायची साधनं दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागतात. दुसरी, धोक्याचं मूल्यमापन : झाड पडण्याची शक्यता किती, पडलं तर कोणावर, आणि काय केल्याने धोका कमी होईल. 'धोकादायक आहे, तोडा' हे त्या अभ्यासातलं अगदी शेवटचं उत्तर. तिसरी, बांधकामाच्या वेळी झाड कसं वाचवायचं. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. पाइपलाइनचा एक चर खणला की झाडाची एक बाजू गेली.

आणि हो, जखमेवर रंग, डांबर, पेस्ट काही लावायचं नाही. अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हजारो झाडं चेनसॉने चिरून दाखवलं की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालून त्याला कोंडतं, बाहेरून नवं लाकूड चढवतं. फुगवटा कापला की त्या भिंतीच कमकुवत होतात. दोर_करवत यांचा उस्ताद म्हणूनच बरोबर होता.

आंबेमोहोर

पेस्टबद्दल असहमत. आमच्याकडे छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावायची शिफारस कृषी विद्यापीठंच करतात. कोकणातल्या पावसात ओल्या कापावर बुरशी किती झपाट्याने चढते हे थंड देशात बसून कळणार नाही.

लँकशायरकर

बोर्डो बुरशीनाशक आहे, फळबागेत तिचं काम आहे, ते नाकारत नाही. मी बोलतोय ते शोभेच्या मोठ्या झाडांवरच्या डांबर आणि ऑइलपेंटबद्दल. मुंबईत तेच लावलेलं बघितलंय. (आणि लँकशायरमध्ये पाऊस कमी पडतो असं कोणी सांगितलं!)

सेक्रेटरी_नाइलाजाने

शिक्षणाचं माहीत नाही, पण ग्राहकाची बाजू मांडतो. आमच्या सोसायटीत एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. एका सदस्याच्या मते तो उद्या पडणार, दुसऱ्याच्या मते हात लावाल तर कोर्टात जाईन. फांदी छाटायलाही वॉर्डातल्या उद्यान विभागाची परवानगी लागते, १९७५च्या कायद्याने. ते ठीकच आहे. पण आम्हाला आधी हवा होता तो तटस्थ माणूस, जो झाड तपासून दोन पानांचा अहवाल देईल. असा माणूस शोधता शोधता नाकी नऊ आले. एका लँडस्केपवाल्याने फी घेतली आणि 'झाडाची प्रकृती समाधानकारक' असं एका ओळीत लिहून दिलं. प्रकृती कशावरून समाधानकारक, ते नाही.

ताई, तुमच्या मुलीने हे शिक्षण घेतलं तर पहिला ग्राहक मी.

निवृत्त_बॉटनीवाला

सेक्रेटरीसाहेब, पर्जन्यवृक्षावर पांढरा कापसासारखा थर दिसतोय का ते बघा. मागच्या दशकात मिलीबग या किडीने मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळवले. शेंड्याकडच्या फांद्या निष्पर्ण होत खाली वाळत येत असतील तर वेळ घालवू नका.

दापोलीचा_पक्या

सेक्रेटरींच्या मुद्द्याला जोडून : कामाची कमतरता नाही. पालिकेच्या वृक्षगणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजारांवर झाडं भरली. २०२१मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. आता वय ठरवायचं कसं? सागाला वर्षाची कडी दिसते, पण आपल्याकडच्या पुष्कळ जातींत ती नीट उमटतच नाही, आणि उभं झाड कापून तर बघता येत नाही. मग घेर, जात, जागा यावरून अंदाज. इथे वनमापन शिकलेला माणूस लागतो. कायद्याने मागणी तयार केलीय, माणसं तयार व्हायची आहेत.

व्यवहारी_जग

सगळं गोड गोड चाललंय. पण आपल्याकडे हा व्यवसाय म्हणून मान्य आहे का? लायसन नाही, कौन्सिल नाही. कंत्राटदार मजूर चढवतो, अनवाणी, कमरेला सुंभ. चार वर्षं शिकलेल्या मुलीला कोण कशाला जास्त पैसे देईल? एमपीएससीचा सल्ला देणारे दीर मला तरी शहाणे वाटतात. फॉरेस्ट्री करून वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षकाची परीक्षा दिली तर सरकारी नोकरी आणि झाडं, दोन्ही.

दोर_करवत

अनवाणी चढवत नाही. आपल्याकडे हार्नेस आहेत, हेल्मेट आहेत. बाकीचं तुमचं बरोबर आहे. रेट पाडणारे ढिगाने आहेत.

दापोलीचा_पक्या

व्यवहारी_जग, माझे अर्धे वर्गमित्र त्याच परीक्षा देत बसले होते. काही झाले, बरेच नाही झाले. आणि वनक्षेत्रपालाला अतिक्रमण, वणवा, बिबट्या आणि कागद यातून झाड बघायला किती वेळ मिळतो ते कोणत्याही वनक्षेत्रपालाला विचारा. ते काम मोठंच आहे, पण या मुलीने सांगितलेलं काम ते नव्हे.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुढचं लेक लिहितेय, माझ्याच आयडीवरून.

नमस्कार. मी सगळे प्रतिसाद वाचले, लँकशायरकर काकांनी सांगितलेल्या तिन्ही कॉलेजांचे विषयही. आमच्या गल्लीत मागच्या वर्षी केबलसाठी खणलं तेव्हा सोनमोहराची मनगटाएवढी मुळं कापून तिथेच टाकली होती, वरून काँक्रीट केलं. झाड अजून उभं आहे, पण एका बाजूची पानं लहान झालीत. मला असं काही दिसलं की त्याचं पुढे काय होणार ते सांगता यायला हवंय.

पक्यादादा, फॉरेस्ट्रीच्या चार वर्षांत शहरातल्या झाडांचं मी स्वतःहून काही करू शकते का, प्रोजेक्ट वगैरे? आणि लँकशायरकर काका, चढता आलंच पाहिजे का? मला उंचीची भीती नाही, पण मी पाच फूटही नाही.

लँकशायरकर

उंची कमी असलेले चढणारे इथे कितीतरी आहेत, हलका माणूस फांदीच्या टोकाला जास्त जाऊ शकतो. तरी आयुष्यभर चढायचंच असं नाही. तपासणी, सल्ला, बांधकामाचे अहवाल हे जमिनीवरचं काम आहे. पण काही वर्षं तरी दोरावर काढ. ज्याने वरून ढोली पाहिली नाही त्याचा अहवाल खालून लिहिलेला कळतो.

इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरचं सर्टिफाइड आर्बोरिस्ट हे प्रमाणपत्र भारतात राहूनही मिळवता येतं. त्याला तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, पण संबंधित विषयाची चार वर्षांची पदवी असेल तर एक वर्ष पुरतं. म्हणजे फॉरेस्ट्री किंवा हॉर्टिकल्चर आणि वर एक वर्ष प्रत्यक्ष काम, मग परीक्षा. माझ्या मते तुझा रस्ता हाच. परदेश नंतर, जमलं तर.

दापोलीचा_पक्या

प्रोजेक्टचं मार्गदर्शकावर अवलंबून. माझ्या वर्गातल्या एकीने रस्त्याकडेच्या झाडांवर केला होता, कोणी अडवलं नाही. सुट्टीत मुंबईला येशील तेव्हा इथली झाडं आहेतच. पुढे एमएस्सी करावंसं वाटलं तर डेहराडूनची वन संशोधन संस्था आहे.

एक पथ्य पाळ. दापोलीच नव्हे, विद्यापीठाशी संलग्न खाजगी कॉलेजही यादीत येतील. कुठलंही कॉलेज बघायला जाशील तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून माहितीपत्रक घेऊ नकोस. तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे प्रॅक्टिकलची वही माग. वहीतल्या आकृत्या गाइडवरून काढलेल्या आहेत की पानांना चिखल लागलाय, ते लगेच कळतं.

ताई, दापोलीला यायचं तर कोकण रेल्वेने खेड, तिथून एसटीने तासाभरात दापोली. पावसात या. मुलींच्या वसतिगृहाची चौकशीही त्याच फेरीत उरकून घ्या.

निवृत्त_बॉटनीवाला

मी बॉटनीची शिफारस मागे घेत नाही, पण दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. दापोलीला नंबर लागला नाही तर मुंबईत बॉटनी घे आणि माती-किडींचं वाचन मी करवून घेईन. माझ्या विपूत, म्हणजे विचारपुशीत, निरोप टाक.

सोनटक्का

सर, नक्की. सीईटीचा फॉर्म भरलाय, वनशास्त्र पहिलं, उद्यानविद्या दुसरं, बॉटनी हाताशी. दिरांना धागा पाठवला, 'बघू' म्हणाले.

दोर_करवत, तुमचं काम एकदा प्रत्यक्ष बघायला मिळेल का? मीही येईन सोबत.

दोर_करवत

या की. रविवारी भांडुपला एक सुकलेला आंबा उतरवायचाय, परवानगी हातात आहे, सकाळी सातला सुरू. बारावीला म्हणजे अठरा पूर्ण नसतील, त्यामुळे दोराला हात लावू देणार नाही, कामाभोवती आम्ही पट्टी बांधतो, तिच्या बाहेर उभं राहून बघायचं. हेल्मेट माझ्याकडे आहे दोघींसाठी. पायात बूट घाला, सँडल चालणार नाही. आणि ताई, गाडी आणत असाल तर कृपया दोन गल्ल्या सोडून लावा.